‘त्सिन’ म्हणजे नेमके कुठे?

माझी भाची जॉर्जियाची राजधानी त्बिलिसी येथे वैद्यकीय शिक्षण घेते आहे. महाराष्ट्रातून बरीच मुले-मुली हल्ली डॉक्टर होण्यासाठी तिकडे जातात. शिकवणे इंग्रजीतून असते, पण रुग्ण बोलतात ते जॉर्जियन. त्यामुळे तिच्या महाविद्यालयात परदेशी विद्यार्थ्यांना जॉर्जियन भाषेचेही तास असतात. पहिल्याच हिवाळ्यात तिचा एकदा फोन आला, तो रडवेल्या आवाजात. त्या दिवशी पहिल्यांदाच मुलांना रुग्णालयात नेणार होते आणि तिची बस चुकली होती.

झाले होते असे. घरमालकीणबाईंनी तिला सांगितले होते, ‘गाचेरेबा आप्तियाकिस त्सिन आरिस.’ गाचेरेबा म्हणजे थांबा, आप्तियाकी म्हणजे औषधांचे दुकान आणि आरिस म्हणजे आहे. राहिला ‘त्सिन’. त्याचा अर्थ हिने वहीत लिहून पाठ केला होता, ‘पुढे’. थांबा औषधांच्या दुकानाच्या पुढे आहे! मग ती दुकान ओलांडून बर्फाच्या भुरभुरीत पुढे, आणखी पुढे चालत राहिली. थांबा काही येईना. तो होता दुकानाच्या अगदी दारासमोर.

‘‘मामा, शब्द तर बरोबर पाठ केला होता. मग चुकलं कुठे?’’

मी पदार्थविज्ञानातला माणूस. भाषाशास्त्र हा माझा विषय नव्हे. पण हा प्रश्न मला फारच ओळखीचा वाटला. एखाद्या वस्तूची जागा सांगितली आणि ती कशाच्या संदर्भात सांगितली ते मात्र सांगितले नाही, की विद्यार्थी गणितात अडकतात ते असेच. मी तिला म्हटले, एक वही कर. ‘त्सिन’ जिथे जिथे ऐकशील ते वाक्य जसेच्या तसे त्यात लिही आणि बोलणाऱ्याने कुठे बोट दाखवले तेही लिही. पुढे मी स्वतः आठ दिवस त्बिलिसीला जाऊन आलो, तेव्हा त्या वहीत माझीही भर पडली. हा लेख त्या वहीतूनच आला आहे.

आधी शब्दाच्या उच्चाराकडे वळू, कारण पहिली अडचण तिथेच येते. देवनागरीत मी ‘त्सिन’ लिहितो आहे खरा, पण ही केवळ सोय आहे. जॉर्जियन लिपीत ३३ अक्षरे आहेत आणि त्यांपैकी तीन आपल्या कानाला जवळजवळ सारखी वाटतात. आपल्या ‘चाक’मधला च आणि ‘जाड’मधला ज आठवा. इंग्रजी शिकलेल्यांना अवघड जाणारे हे उच्चार मराठी मुलाला घरीच मिळालेले असतात. ‘जाड’मधल्या ज सारखे एक अक्षर जॉर्जियनमध्ये आहे. ‘चाक’मधल्या च ला थोडा ‘ह’काराचा श्वास जोडला की दुसरे झाले. ‘त्सिन’मधले अक्षर तिसरे, आणि ते आपल्याकडे नाही. ते उच्चारताना स्वरयंत्रातली फट पूर्ण बंद करतात. जिभेने पुढची वाटही बंद असते. मधल्या छोट्याशा जागेत हवा कोंडली जाते, स्वरयंत्र किंचित वर उचलले जाते, जागा आकुंचते, दाब वाढतो आणि जीभ सुटताच हवा टचकन बाहेर येते. बॉइलचा नियम घशात राबवायचा, एवढेच!

वर्गात करून बघण्यासारखी गोष्ट आहे. श्वास घशाशी घट्ट रोखून धरा आणि तसाच ‘त्स’ म्हणण्याचा प्रयत्न करा. फुफ्फुसातली हवा न वापरताही एक कोरडा, तुटक आवाज निघतो. तोच हा ध्वनी. तोंडापुढे पेटती मेणबत्ती धरली तर ‘थ’ म्हणताना ज्योत हलते, या ध्वनीला मात्र जेमतेम हलते. सिंधी भाषेत याच्या उलट, स्वरयंत्र खाली ओढून हवा आत घेत काढलेले ध्वनी आहेत. फरक लक्षात घ्यायलाच हवा, कारण या तीन अक्षरांनी सुरू होणारे तीन शब्द केवळ त्यांच्यामुळेच वेगळे ठरतात. श्वासाच्या ‘त्सेली’ म्हणजे गवत कापायचा मोठा विळा, ‘द्झेली’ म्हणजे तुळई आणि घसा बंद करून म्हटलेली ‘त्सेली’ म्हणजे वर्ष. (कंबरेलाही हाच शब्द आहे.)

आता अर्थाकडे. वहीत जमलेली वाक्ये पाहिल्यावर पहिली गोष्ट लक्षात आली ती अशी. ‘त्सिन’ दोन तऱ्हेने येतो. एक तर एकटा. बसमध्ये गर्दी झाली की मागचे लोक ‘त्सिन, त्सिन!’ म्हणतात, म्हणजे पुढे सरका. ही दिशा झाली. नाहीतर तो एखाद्या नामामागे येतो, आणि त्या नामाला तेव्हा ‘इस’ हा प्रत्यय लागलेला असतो. साख्ली म्हणजे घर, साख्लिस म्हणजे घराचा, घराच्या. ‘साख्लिस त्सिन’ म्हणजे घराच्या पुढ्यात. हे स्थान झाले. ‘इस’ हा आपला षष्ठीचा प्रत्ययच म्हणा ना. आपणही शब्दयोगी अव्ययाआधी नाम जसेच्या तसे ठेवत नाही, त्याचे सामान्यरूप करतो. इतकेच काय, आपल्या ‘कापूस’चे ‘कापसाच्या’ होताना मधला स्वर गळतो, तसाच ‘त्सेली’चे षष्ठीत ‘त्स्लिस’ होताना तिथलाही गळतो. जॉर्जियन ही संस्कृतच्या, मराठीच्या किंवा इंग्रजीच्या कुळातली नव्हे. कॉकेशसच्या दक्षिण उतारावरच्या कार्तवेली नावाच्या चार भाषांच्या छोट्या कुटुंबातली ती थोरली. तेव्हा ही साम्ये रक्ताच्या नात्याची नाहीत, हे ध्यानात असू द्या. पुढे याचा उपयोग होणार आहे.

तर ‘आप्तियाकिस त्सिन’ यातला तो ‘इस’ भाचीच्या कानांवरून गेला होता. पण माझ्या मते सगळा दोष तिचा नव्हे. थोडा मराठीचाही आहे. ‘देवळाच्या पुढे आमचं घर आहे’ असे कोणी सांगितले, तर तुम्ही देवळाच्या दारासमोर शोधाल की देऊळ ओलांडून जाल? आपल्या ‘पुढे’मध्ये दोन्ही अर्थ नांदतात. प्रसंग, हातवारे, ‘गेल्यावर’सारखा एखादा जास्तीचा शब्द यांवर आपण निभावून नेतो. जॉर्जियनमध्ये नामाला ‘इस’ लागून ‘त्सिन’ आला की ‘ओलांडून’ हा अर्थ निघत नाही. त्यासाठी वेगळा शब्द आहे, ‘इकित’. ‘आप्तियाकिस इकित’ म्हणजे दुकानाच्या पलीकडे. आणि अलीकडे म्हणजे ‘आकेत’. नेमकी आपली अलीकडे-पलीकडेची जोडी! भाचीच्या वहीत पहिल्या पानावर ‘त्सिन म्हणजे पुढे’ लिहिले होते. त्याखाली तिने आता लाल शाईने लिहिले आहे, ‘कोणाच्या?’

हा ‘कोणाच्या’ प्रश्न जितका खोदावा तितका खोल जातो. बसला स्वतःचे तोंड असते, खुर्चीला असते, औषधांच्या दुकानाला दार असते. अशा वस्तूंचे ‘पुढे’ त्यांच्या त्यांच्यापाशीच ठरलेले असते. पाहणारा कुठेही उभा राहो, खुर्चीची पुढची बाजू बदलत नाही. पण झाडाला तोंड कुठे असते? चेंडू झाडाच्या पुढे आहे असे म्हणताना आपण झाडाला आपल्याकडे तोंड करून उभे करतो, जणू ते आपल्याशी बोलते आहे. म्हणून झाड आणि आपण यांच्यामधला चेंडू ‘पुढे’ ठरतो. पण हेच स्वाभाविक आहे असे समजू नका. पश्चिम आफ्रिकेतल्या हौसा भाषेत अशा वेळी झाडाच्या पलीकडच्या बाजूला ‘पुढे’ म्हणण्याची रीत आहे. तिथे झाड आपल्याकडे पाठ करून, आपण बघतो तिकडेच बघत उभे आहे असे धरतात. दोन्ही रीती तर्काला धरूनच आहेत.

तिसरी रीत याहून निराळी, पुढे-मागेच्या भानगडीत न पडता सरळ दिशा सांगण्याची. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधल्या गुगु यिमिथिर भाषेचे लोक हाताशी असलेली वस्तूही उत्तरेला, पूर्वेला अशीच सांगतात. (१७७० साली कॅप्टन कुकच्या लोकांनी ‘कांगारू’ हा शब्द उचलला तो याच भाषेतून.) आपल्याकडेही खेड्यात ‘उगवतीचं शेत’, ‘मावळतीचं दार’ असे म्हणणारी माणसे भेटतात.

उगवती-मावळती म्हटल्यावर मला जॉर्जियनमधली दिशांची नावे सांगितल्यावाचून राहवत नाही, मग थोडे विषयांतर झाले तरी चालेल. पूर्व म्हणजे ‘आघमोसावलेती’, वर येण्याची जागा. पश्चिम म्हणजे ‘दासावलेती’, खाली जाण्याची जागा. अगदी आपल्या उगवती-मावळतीसारखे. पण उत्तरेचे नाव बघा, ‘च्र्दिलोएती’. ‘च्र्दिली’ म्हणजे सावली. उत्तर म्हणजे सावलीची बाजू! त्बिलिसी सुमारे ४१.७ अंश उत्तर अक्षांशावर आहे, कर्कवृत्ताच्या बरेच वर. तिथे सूर्य कधीच डोक्यावर येत नाही. वर्षाचे सर्व दिवस भर दुपारी काठीची सावली उत्तरेलाच पडते. त्यामुळे हे नाव तिथे बारा महिने खरे ठरते.

महाराष्ट्रात मात्र ते ठरले नसते. आपले सबंध राज्य कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहे. मुंबईत साधारण मेच्या मध्याला सूर्य बरोबर डोक्यावर येतो, तेव्हापासून जुलैच्या अखेरीपर्यंत भर दुपारची सावली दक्षिणेला पडते. यातले बरेच दिवस पावसाळी ढगांत जातात म्हणून आपले तिकडे लक्ष जात नाही, इतकेच. शाळेच्या अंगणात एक काठी रोवून मे ते ऑगस्ट जमेल तेव्हा दुपारच्या सावलीची खूण केली, तर मुलांना हे स्वतः पडताळता येईल.

पुन्हा ‘त्सिन’कडे येऊ. वहीतली खरी गंमत सुरू झाली ती काळाची वाक्ये जमू लागल्यावर. ‘ओरी त्स्लिस त्सिन’. ओरी म्हणजे दोन. शब्दशः बघितले तर ‘दोन वर्षांच्या पुढे’. अर्थ मात्र ‘दोन वर्षांपूर्वी’! मराठी मनाला हे उलटे वाटते. आपल्याला भूतकाळ मागे असतो आणि भविष्य पुढे. ‘मागे एकदा आलो होतो’, ‘पुढे बघू काय होतं ते’ असे आपण म्हणतो. मग जॉर्जियन माणसाला भूतकाळ डोळ्यांपुढे दिसतो की काय?

अशी एक भाषा खरोखर आहे. दक्षिण अमेरिकेत अँडीज पर्वतात आयमारा लोक राहतात. त्यांच्या भाषेत डोळा, पुढची बाजू आणि भूतकाळ यांना ‘नायरा’ हा एकच शब्द आहे. राफाएल नून्येझ आणि ईव्ह स्वीट्सर या संशोधकांनी २००६ साली त्यांच्या हातवाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. वयस्क आयमारा मंडळी जुन्या गोष्टी सांगताना हात समोर करतात आणि उद्याबद्दल बोलताना खांद्यावरून मागे, असे त्यात दिसले. जे घडून गेले ते दिसलेले आहे, म्हणून समोर. जे घडायचे आहे ते अदृश्य, म्हणून पाठीमागे.

पण जॉर्जियनचे तसे नाही. कारण वहीत दुसरेही वाक्य आहे. वर्गातल्या बाईंनी परीक्षेत मार्क कमी पडलेल्या मुलांना धीर देताना म्हटलेले, ‘क्वेलापेरी त्सिन आरिस’, सगळे अजून पुढे आहे. इथे त्सिन म्हणजे भविष्य! एकच शब्द भूतकाळाला आणि भविष्यकाळालाही. यात गोंधळ कसा होत नाही?

रेल्वेच्या तिकिटाची रांग डोळ्यांसमोर आणा. रांगेत माझ्या पुढे उभा असलेला माणूस खिडकीशी माझ्या आधी पोहोचतो. म्हणजे रांगेत ‘पुढचा’ तो ‘आधीचा’. घटनांकडे अशी रांग म्हणून पाहिले, तर जी घटना दुसरीच्या पुढे ती आधी घडलेली. आजपर्यंत येऊन पोहोचलेली दोन वर्षे हा या रांगेचा एक तुकडा. त्याच्या पुढच्या टोकाशी दोन वर्षांपूर्वीचा दिवस. ‘ओरी त्स्लिस त्सिन’ म्हणजे त्या तुकड्याचे पुढचे टोक. याउलट ‘क्वेलापेरी त्सिन आरिस’मध्ये रांग नाही, मी वाट चालतो आहे. माझ्या तोंडापुढची वाट म्हणजे भविष्य. पहिल्यात घटनांचे ‘पुढे’, दुसऱ्यात माझे. आणि कोणाचे ते कशावरून कळते? पुन्हा त्याच ‘इस’वरून. वर्षांना, दिवसांना, जेवणाला ‘इस’ लागला की पुढे त्यांचे. कोणालाच लागला नाही की बोलणाऱ्याचे.

आपल्याही भाषेत रांगेचे हे चित्र आहे, फक्त ते ‘पुढे’मध्ये नाही, ‘पूर्व’मध्ये आहे. पूर्व म्हणजे मुळात समोरचे. उगवत्या सूर्याकडे तोंड केले की समोरची दिशा ती पूर्व. (उजवीकडची ती दक्षिण, म्हणून उजवा हात दक्षिण हस्त.) आणि हेच ‘पूर्व’ काळाला लावले की ‘आधीचे’, म्हणून ‘पूर्वी’ आणि ‘पूर्वज’. जॉर्जियनमध्ये पूर्वजाला काय म्हणतात? ‘त्सिनापारी’! त्यातही त्सिन बसला आहे. प्रगतीला म्हणतात ‘त्सिनस्वला’. स्वला म्हणजे जाणे, त्सिनस्वला म्हणजे पुढे जाणे. आपल्या ‘प्रगती’तही ‘प्र’ म्हणजे पुढे आणि ‘गती’ म्हणजे जाणे. दोन भाषांचे कूळ वेगळे असल्याचे मघाशी सांगितले ते यासाठी. हे शब्द एकाच आजीकडून आलेले नाहीत. माणसाला तोंड एकाच बाजूला असते आणि तो त्याच बाजूला चालतो, एवढी शरीररचनेची गोष्ट दोन्हीकडे सारखी आहे.

हे सगळे वाचून कोणी म्हणेल की बस चुकली, दुसरी पकडायची. त्यात काय एवढे? म्हणून वहीतले एक पान सांगतो. रुग्णालयात एक मधुमेहाच्या आजी येत. घरी यंत्रावर साखर तपासून आकडा कागदावर लिहून आणत. एके दिवशी आकडा होता १६०. केव्हा तपासली, असे भाचीने विचारल्यावर आजी म्हणाल्या, ‘चामिस त्सिन.’ चामा म्हणजे खाणे. मराठीच्या सवयीने ‘खाण्याच्या पुढे’ म्हणजे खाऊन झाल्यावर, असे भाचीच्या मनात आले आणि ती तसे लिहिणारही होती. मधुमेह असलेल्या माणसाची साखर साधारणपणे जेवणापूर्वी १३०च्या आत आणि जेवणानंतर १८०च्या आत असावी असे धरतात. तेव्हा जेवणानंतरचे १६० म्हणजे ठीक चालले आहे. जेवणापूर्वीचे १६० म्हणजे औषधाचा विचार पुन्हा करायला हवा. आकडा एकच. ‘चामिस’मधला ‘इस’ या वेळी तिच्या कानाला टोचला आणि तिने ‘जेवणापूर्वी’ असे लिहिले. खात्रीसाठी आजींना पुन्हा विचारलेही, आणि मला ते जास्त आवडले.

हा विषय वर्गात घ्यायचा असेल तर साधने फारशी लागत नाहीत. एक खुर्ची, एक माठ, एक खडू. मुलांना वर्गाच्या चारी बाजूंना उभे करा आणि एकेकाला खडू ‘खुर्चीच्या पुढे’ ठेवायला सांगा. सगळी मुले एकाच ठिकाणी ठेवतील. मग ‘माठाच्या पुढे’ ठेवायला सांगा. मी आमच्या इमारतीतल्या सहावी-सातवीच्या मुलांकडून हे करवून घेतले, तेव्हा खडू चार ठिकाणी पडला आणि चांगलेच भांडण जुंपले. एका मुलीने तर माठ पेटीवर ठेवून तोटी आपल्याकडे वळवली आणि म्हणाली, ‘‘आता सांगा!’’ सापेक्ष गती शिकवताना ‘गाडी स्थिर की झाडे स्थिर’ याने आपण सुरुवात करतो. त्याआधी हा माठ आणावा, असे मला वाटू लागले आहे.

असाच प्रश्न देशांच्या नावांतही दडलेला असतो. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेच्या मुलखाला रशियन भाषेत ‘झाकावकाझ्ये’ म्हणतात, म्हणजे कॉकेशसपलीकडचा. जगाच्या नकाशांवर ‘ट्रान्सकॉकेशिया’ हे नाव याच अर्थाने पसरले. १९२२ ते १९३६ या काळात त्या नावाचे एक सोव्हिएत प्रजासत्ताकही होते आणि जॉर्जिया त्याचा भाग होता. पण जॉर्जियन भाषेत त्याच मुलखाचे नाव आहे ‘आमिएरकावकासिया’, कॉकेशसच्या अलीकडचा. पर्वत एकच, मुलूखही तोच. मॉस्कोत बसून पाहिले तर पलीकडे, त्बिलिसीत बसून पाहिले तर अलीकडे.

भाचीची वही आता ‘त्सिन’च्या पुढे (म्हणजे ओलांडून!) गेली आहे. सध्या तिच्यात ‘मि’ आणि ‘मो’ हे दोन उपसर्ग भरत चालले आहेत. ‘मो’ म्हणजे माझ्याकडे किंवा तुझ्याकडे, ‘मि’ म्हणजे तिसऱ्याच कोणाकडे. आपण ‘मला दे’ आणि ‘त्याला दे’ यांत क्रियापद बदलत नाही. जॉर्जियनमध्ये मला दे म्हणजे ‘मोमेत्सी’ आणि त्याला दे म्हणजे ‘मिएत्सी’. भविष्यकाळाचे नाव ‘मोमावाली’, जे आपल्याकडे येते आहे ते. आपला ‘येता सोमवार’ म्हणा. आणि घरातून निघताना घरमालकीणबाई दारातूनच ‘त्सावेदी’ म्हणतात, म्हणजे ‘मी गेले’. बाई अजून उंबरठ्यावर असतात! भाचीला याचे हसू आले, तेव्हा बाईंनी विचारले, तुम्ही निघताना काय म्हणता? तिने सांगितले, ‘‘येते.’’ अर्थ कळल्यावर बाई बराच वेळ विचार करत राहिल्या आणि मग त्यांनी विचारले, ‘‘आणि येताना?’’